सिस्टीम फायली पुन्हा पुन्हा करप्ट होत असतील तर विंडोज टाकणं आधी थांबवा

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. तिथला हिशोबाचा कॉम्प्युटर असेंबल केलेला आहे: ८ जीबी रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी, विंडोज १०, त्यावर टॅली. दर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी चालू केला की 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येतं आणि मशीन तिथेच अडकतं. एसएफसी (विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारं विंडोजमधलंच साधन) चालवलं तर कधी फायली दुरुस्त केल्या म्हणतं, कधी काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत म्हणतं. विंडोज तीनदा नव्याने टाकून झालं. यूपीएस आहे. अँटिव्हायरसला काही सापडत नाही. मग हा व्हायरस म्हणायचा की विंडोजच खराब?

बहुतेक दोन्ही नाही. डिस्क फॉरमॅट करून तीनदा कोरं विंडोज टाकलं तरी तोच आजार परत येतोय, म्हणजे कारण विंडोजच्या खाली आहे: रॅम, एसएसडी, तिची केबल, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) किंवा दुकानातली विजेची लाइन. याला अपवाद एकच. तिन्ही वेळा त्याच पेन ड्राइव्हवरचं कुणीतरी छाटलेलं 'लाइट' विंडोज आणि तोच ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालवणारा प्रोग्रॅम) वापरला असेल, तर आधी ते बदला. अशा विंडोजमधून दुरुस्तीच्या मूळ फायलीच काढून टाकलेल्या असतात. त्यामुळे 'सोर्स फायली सापडल्या नाहीत' हा एरर येतो आणि माणूस हार्डवेअरला दोष देत बसतो.

कशालाही हात लावण्याआधी डेटा बाहेर काढा. उबुंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, विंडोजचं पार्टिशन फक्त वाचण्यासाठी म्हणजे रीड-ओन्ली माउंट करायचं आणि टॅलीचा डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा. टॅली प्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हवर यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या मार्गावर असतो. पण यार्डातल्या बऱ्याच दुकानांत दिवाणजींनी तो डी ड्राइव्हवर हलवलेला असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं आणि हिशोबपट्ट्यांचे नमुने असतील तर ते फॉन्टही घ्या. नंतर फाइल मिळते पण अक्षरं वाचता येत नाहीत. बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

आता एसएफसीबद्दल, कारण इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. एसएफसी प्रत्येक सिस्टीम फाइलचा हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी, ठशासारखी संख्या) काढतं आणि मूळ नोंदीशी ताडून बघतं. जुळला नाही तर विनएसएक्सएस या साठ्यातली प्रत घेऊन फाइल बदलतं. हे सगळं वाचणं, मोजणं, लिहिणं रॅममधूनच होतं. रॅमचा एक बिट जरी खोटं बोलत असेल तर चांगली फाइल खराब दिसते, आणि तिच्या जागी लिहिली जाणारी प्रतही त्याच खराब बिटमधून जाते. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली धडधाकट फाइल मोडू शकते. एसएफसी लागोपाठ दोनदा चालवल्यावर दोन वेगळी उत्तरं मिळाली, तर पहिला संशय रॅमवर घ्या. तुमच्या वर्णनात नेमकं हेच दिसतंय. रॅमची परीक्षा होईपर्यंत एसएफसी, डिझम (विनएसएक्सएसचा साठा दुरुस्त करणारी कमांड) आणि चेकडिस्क (डिस्क व फाइल सिस्टीम तपासणारी कमांड) तिन्ही बंद ठेवा.

तोपर्यंत पुरावे वाचा. रिकव्हरीच्या स्क्रीनवर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट असं जा. इथे विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही. डिस्कपार्ट उघडून 'लिस्ट व्हॉल्यूम' दिलं की खरं अक्षर कळतं. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या.) मग विंडोज\सिस्टीम३२\लॉगफाइल्स\एसआरटी या फोल्डरमधली एसआरटीट्रेल नावाची टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडा. बूटला लागणारी कुठली फाइल करप्ट आहे हे बऱ्याचदा तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. दर वेळी ते नाव लिहून ठेवा. वहीत तीच फाइल किंवा तोच फोल्डर वारंवार येत असेल तर डिस्ककडे बोट जातं. दर वेळी नवीनच नाव येत असेल, कधी ड्रायव्हर, कधी रजिस्ट्री, कधी एखादी डीएलएल, तर रॅम किंवा वीज.

याहून नेमका पुरावा हवा असेल तर बिघडलेली फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, आणि विंडोजच्या त्याच बिल्डच्या (आवृत्ती क्रमांकाच्या) दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तीच फाइल, त्याच व्हर्जनची, घेऊन दोन्ही ताडून बघा:

एफसी /बी खराब.डीएलएल चांगली.डीएलएल

दुसरा कॉम्प्युटर यासाठी लागतो की सिस्टीम३२ मधली फाइल आणि विनएसएक्सएस मधली तिची प्रत या बहुतेक वेळा डिस्कवर एकच असतात, नावं फक्त दोन. एक बिघडली की दुसरीही बिघडलेलीच. एसएफसी 'दुरुस्त करता आली नाही' म्हणतं त्याचं एक मोठं कारण हेच. आता ताडणीचं उत्तर बघा. एखाद-दुसराच बाइट वेगळा असेल, उदाहरणार्थ ४१ च्या जागी ५१, तर तो एका बिटचा फरक आहे. हा रॅमचा नमुना. ४०९६ बाइटचा सबंध तुकडाच शून्य असेल किंवा तिथे भलत्याच फाइलचा मजकूर असेल, तर लिहिता लिहिता वीज गेली किंवा एसएसडीने लिहिलेलं हरवलं. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमचं जर्नल फाइलचं नाव, आकार, जागा यांची नोंद सांभाळतं, आतला मजकूर सांभाळत नाही. म्हणून वीज गेल्यावर फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर असतो आणि आत नुसती शून्यं असतात.

रॅमची तपासणी. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक एरर दाखवत असेल तर विश्वास ठेवा; 'काही सापडलं नाही' म्हणालं तर ठेवू नका. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर आधी तसंच ठेवून चाचणी घ्या, एरर आला तर बंद करून पुन्हा घ्या. किमान चार पास (पूर्ण फेऱ्या) होऊ द्या. संध्याकाळी सौदे संपल्यावर लावून रात्रभर सोडलं तरी चालतं. लाल ओळ एक आली तरी रॅम नापास. 'एकच तर एरर आहे' हा हिशोब इथे चालत नाही. दोन स्टिक असतील तर एकेक काढून, एकाच स्लॉटमध्ये लावून बघा. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास झाल्या आणि दुसऱ्यात पास, तर दोष स्लॉटचा.

नवीन रॅम आणण्याआधी संपर्क साफ करा. हळदीच्या दुकानात बारीक धूळ सगळीकडे शिरते आणि पावसाळ्यात ती ओल धरते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, पण कॅबिनेटचा पंखा हाताने धरून. नाहीतर तो जोरात फिरून खराब होतो. महाबळेश्वर किंवा पाटणकडच्या ऑफिसांत पावसाचे चार महिने हे एकदा तरी करावंच लागतं. जुना कॉम्प्युटर विकत घेतलेला असेल तर मदरबोर्ड सोडवून मागची बाजूही बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेली मशीन वाळवून बाजारात गेली. सोल्डरभोवती हिरवट-पांढरी पूड किंवा गाळाची रेघ दिसली तर त्या बोर्डावर आणखी पैसा घालू नका.

रॅम पास झाली तरी एक सोपी उलटतपासणी करा. रॅमपेक्षा मोठी, म्हणजे इथे १२-१५ जीबीची एक फाइल डिस्कवर ठेवा आणि तिचा हॅश तीनदा काढा:

सर्टयुटिल -हॅशफाइल डी:\मोठी.आयएसओ एसएचए२५६

तिन्ही उत्तरं अक्षरन्अक्षर सारखी हवीत. फाइल रॅमपेक्षा मोठी घ्यायची, म्हणजे ती दर वेळी खरोखर डिस्कवरून वाचली जाते, आधीच्या वाचनातून रॅममध्ये उरलेल्या प्रतीवर भागत नाही. मेमटेस्ट पास आणि हॅश वेगळे, असं असेल तर केबल, एसएसडीचा कंट्रोलर, क्वचित प्रोसेसर.

डिस्क तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. वरचा निळा 'गुड' बघून थांबू नका, खालचे आकडे वाचा. ते मुळात हेक्सात (सोळा पायाच्या अंकांत) असतात. सेटिंगमधून दशमानात करून घ्या. हार्ड डिस्क असेल तर ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे वाचताच न येणारे. सी५ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर चेकडिस्क /आर चालवू नका. ते सगळी डिस्क खरवडून वाचतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. आधी डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत घ्या, प्रयोग प्रतीवर करा. सी७ हा आकडा केबलचा. तो कधीच शून्यावर परत येत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा. साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा आणि आठवड्याने बघा. वाढला नसेल तर केबलच दोषी होती. स्वस्तातली ही वस्तू बदलायची राहते आणि विंडोज मात्र तीनदा टाकून होतं.

एसएसडीवर आकड्यांची नावं कंपनीगणिक बदलतात. उरलेलं आयुष्य किती टक्के आणि अचानक वीज गेल्याची मोजणी किती, या दोन गोष्टी शोधा. दुसरी बहुधा सी० किंवा एई या क्रमांकाखाली सापडते. एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या, जास्त वेगाच्या) एसएसडीवर तिला सरळ 'अनसेफ शटडाउन्स' असंच नाव आहे. हा आकडा पॉवर-ऑन काउंटच्या, म्हणजे मशीन कितीदा चालू झालं त्या आकड्याच्या जवळपास असेल तर मशीन रोज बंद न करताच वीज तोडली जातेय, मग दुकानात कुणी काहीही सांगो. नाव न ऐकलेल्या कंपनीची एसएसडी असेल तर डेटा काढून झाल्यावर एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासा. लेबलवर २४० जीबी आणि आत त्याहून कमी, असा माल बाजारात येतो. लिहिताना तक्रार नसते, मर्यादेपुढचा डेटा मुकाट्याने जातो.

आता वीज. यूपीएस आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तो काम करतो का हे वेगळं तपासावं लागेल. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांत थकते. दिवा हिरवा राहतो, चार्जही होते, लोड आला की बसते. चाचणी कॉम्प्युटर लावून घेऊ नका. १०० वॉटचा साधा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढा. बल्ब विझला किंवा दोन मिनिटांत मंद झाला तर बॅटरी गेली.

बल्ब नीट जळतो, पण लाइट गेल्यावर कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो? मग दोष एसएमपीएसचा. लाइन जाऊन बॅटरीवर येईपर्यंत साध्या यूपीएसला ४ ते १० मिलिसेकंद लागतात. एवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. जुन्या एटीएक्स मानकानुसार पूर्ण लोडला सुमारे १६ मिलिसेकंद. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या '४५० वॉट' एसएमपीएसमध्ये मुळातच कपॅसिटर लहान असतो, त्यात तो चार-पाच वर्षांत सुकतो. कपॅसिटरचा माथा फुगलेला दिसला तर प्रश्नच मिटला. पण एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. जाळीतून टॉर्चने बघा. मल्टिमीटरने चार पिनांच्या कनेक्टरवर पिवळी तार ११.४ ते १२.६ आणि लाल तार ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये हवी, तीही मशीन कामात असताना. हे आकडे बरोबर आले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) मल्टिमीटरला दिसत नाही. चांगला दुसरा एसएमपीएस महिनाभर लावून बघणं हीच खरी परीक्षा.

लाइनही मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ दहा-वीस दाखवत असेल तर अर्थिंग नावाला आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत मार्च ते मे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात आपोआप बरा होतो, म्हणून 'उन्हाळ्यातच का बिघडतं' याचं उत्तर कधी कधी दोन घागरी पाण्यात असतं. त्याच फेजवर मोठी मोटर असेल, मग ती हळद पॉलिशच्या ड्रमची असो की तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरची, ती सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते आणि क्षणभर व्होल्टेज बसतं. कॉम्प्युटर वेगळ्या फेजवर घ्या. अर्थिंग आणि फेजचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

आणि सगळ्यात साधं: दुकान बंद करताना मेन स्विच कोण पाडतं, आणि कधी? संध्याकाळी दिवाणजी शटडाउन दाबून निघतात, विंडोज अपडेट बसवत असतं, आणि दुकानातलं पोरगं शटर ओढताना मेन पाडतं. यूपीएसची बॅटरी थकलेली असली की अपडेट अर्ध्यात तुटतं आणि सकाळी ऑटोमॅटिक रिपेअर येतं. स्वस्त एसएसडीवर याचा मार जास्त बसतो. त्यात वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरता कपॅसिटर नसतो. एका पेशीत दोन-तीन बिट ठेवणाऱ्या चिपमध्ये नवीन लिहिताना वीज तुटली तर त्याच पेशीतला आधीचा, महिन्यांपूर्वी लिहिलेला डेटाही जाऊ शकतो. म्हणून त्या दिवशी कुणी हातही न लावलेली सिस्टीम फाइल मोडलेली सापडते.

मेन रोज पडत असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरीही लवकर संपते, कारण लाइन नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की बायोस मूळ सेटिंगवर जातं. साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर गेला किंवा बूटची पद्धत यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर गेली, की विंडोज बूट होत नाही आणि सगळ्यांना वाटतं फायली करप्ट झाल्या. सकाळी घड्याळ चुकीची तारीख दाखवत असेल तर आधी ही बॅटरी बदला, बायोस नीट लावा. बाकी काही करावंच लागणार नाही अशी बरीच शक्यता आहे.

मूळ कारण सापडून बदलल्यावरच दुरुस्ती. क्रम असा ठेवा: आधी फाइल सिस्टीम, मग विनएसएक्सएसचा साठा, मग सिस्टीम फायली, शेवटी बूट. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, विंडोज सी वर आणि आयएसओचा पेन ड्राइव्ह ई वर आहे असं धरून, सी वर टेम्प नावाचा फोल्डर करा आणि:

चेकडिस्क सी: /एफ
डिझम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:१ /लिमिटॲक्सेस /स्क्रॅचडिर:सी:\टेम्प
एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज

पहिल्या कमांडचं स्पेलिंग सीएचकेडीएसके. स्क्रॅचडिर विसरलात तर डिझम जागा नाही म्हणून थांबतं, कारण रिकव्हरीचा स्वतःचा ड्राइव्ह अगदी लहान असतो. आयएसओ त्याच व्हर्जनची, त्याच भाषेची हवी. शेवटचा १ हा आवृत्तीचा क्रमांक; होम की प्रो हे 'डिझम /गेट-विमइन्फो' ने बघून योग्य क्रमांक टाका. फाइल विमऐवजी ईएसडी असेल तर दोन्ही ठिकाणी ईएसडी लिहा.

एरर कोडच्या शेवटी ००एफ, ०९८ किंवा १४सी असेल तर तो बूटच्या नोंदींचा म्हणजे बीसीडीचा प्रश्न आहे. यूईएफआय मशीनवर बूटरेक /फिक्सबूट बऱ्याचदा 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतं. त्याच्याशी झगडू नका. डिस्कपार्टमध्ये सुमारे १०० एमबीचं फॅट३२ व्हॉल्यूम निवडून 'असाइन लेटर=एस' द्या, बाहेर या आणि:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

रजिस्ट्रीची सिस्टीम फाइल मोडली असेल तर रेगबॅक फोल्डरमधून परत आणण्याचा जुना सल्ला बहुतेक मशीनवर चालत नाही. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती प्रत आपोआप घेतली जात नाही. फोल्डर उघडलात तर ० केबीच्या फायली दिसतील. त्या कॉपी केल्यात तर उरलीसुरली रजिस्ट्रीही जाईल.

विंडोज सुरू झालं की फास्ट स्टार्टअप (शटडाउन करताना विंडोजचा काही भाग डिस्कवर झोपवून ठेवणारी सोय) बंद करा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की पुरे. एसएसडीवर चार-पाच सेकंदांचाच फरक पडतो, आणि शटडाउन म्हणजे खरंच शटडाउन होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीत 'राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा' या चौकटीत खूण असेल तर काढा. 'वेग वाढवतो' म्हणणारे क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटर काढून टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नव्याने टाकायची वेळ आलीच आणि मशीन चालवू शकत असेल तर ११ च टाका.

पुढचे दोन महिने दर शनिवारी 'एसएफसी /व्हेरिफायओन्ली' चालवा. हे फक्त तपासतं, बदलत काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉगला ७, ५५, १२९, १५३ आणि ४१ या क्रमांकांचा फिल्टर लावा. ७ आणि १५३ डिस्कचे, ५५ फाइल सिस्टीमचा, १२९ कंट्रोलर किंवा केबलचा, ४१ नीट बंद न होता मशीन गेल्याचा. एकटा ४१ येत राहिला तर पुन्हा यूपीएस, एसएमपीएस आणि मेन स्विचकडे जा. ७ आला तर एसएसडी बदला. वॉरंटीत देण्याआधी मेमटेस्टच्या लाल ओळींचा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोच्या स्क्रीनचा, सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. आणि एसएसडी देताना टॅलीचा डेटा तिच्यावर नाही याची खात्री करा, कारण बदलून बहुधा दुसराच नग मिळतो.